साष्टीची जलप्रदक्षिणा

श्रोतेहो, अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथे राहणाऱ्या एखाद्या गृहस्थास आपण त्याचा पत्ता विचारला, तर तो स्थानकाचे नाव सांगेल, पूर्वेस की पश्चिमेस ते सांगेल, रस्ता आणि इमारतही सांगेल. परंतु ‘मी एका बेटावर राहतो’ असे मात्र तो सांगणार नाही. आणि तरीही खरी गोष्ट तीच आहे. बोरिवलीहून वसईकडे जाताना भाईंदरच्या पुढे आगगाडी लांबच लांब पुलावरून धडधडत जाते. ठाण्याहून कळव्याकडे जाताना ती पुन्हा एका पुलावर चढते, आणि मानखुर्दहून वाशीकडे जाताना तिसऱ्यांदा पाणी ओलांडते. तिन्ही ठिकाणी आपण वर्तमानपत्रात डोके घालून बसलेले असतो, म्हणून बेट सोडून मुख्य भूमीवर पाऊल टाकल्याची वार्ता आपल्या मनापर्यंत पोहोचत नाही.

या बेटाचे नाव साष्टी. सहासष्ट गावांचा समूह म्हणून ‘षट्षष्टि’, त्यावरून ‘सासष्टी’ आणि पुढे ‘साष्टी’, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. गोमंतकातही याच नावाचा एक तालुका आहे, त्याच्याशी आपल्या साष्टीची गल्लत करू नये. आपली साष्टी सुमारे सहाशे चौरस किलोमीटर विस्ताराची असून तिच्या मध्यभागी डोंगर व अरण्य आहे. त्या अरण्यात कान्हेरीची लेणी कोरलेली असून विहार आणि तुळशी हे दोन तलावही तेथेच आहेत. तिच्या पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वसईची खाडी आणि पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. दक्षिणेस पूर्वी माहीमची खाडी तिला मुंबईच्या बेटापासून वेगळी करीत असे. आज या बेटाला पाण्यातून फेरी कशी घालावी, ती घालताना काय दिसेल, आणि त्या फेरीतून आपल्या नित्याच्या जीवनाविषयी काय उमजेल, हे मी आपणांस सांगणार आहे.

बेटाभोवती शिडाच्या नावेने फिरणे म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे वेस्ट इंडीजची बेटे येतात. कोलंबस १४९२ साली हिंदुस्थानचा शोध करीत तिकडे जाऊन पोहोचला आणि त्याच्या चुकीचे स्मारक म्हणून त्या द्वीपांना हे नाव चिकटले. क्रिकेटमुळे ते आपल्या घराघरांत परिचयाचे झाले आहे. तिकडच्या नावाड्याची सारी भिस्त वाऱ्यावर असते. तेथे व्यापारी वारे बहुतेक वर्षभर पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे प्रत्येक बेटाला एक वाऱ्याकडची खवळलेली बाजू आणि एक वाऱ्याआडची शांत बाजू असते, व प्रवासाचा बेत त्या हिशेबाने आखावा लागतो. भरती-ओहोटीचा विचार तेथे गौण, कारण कॅरिबियन समुद्रात पाण्याची चढउतार बहुतेक ठिकाणी हातभराहून अधिक नसते. ग्वाडेलूप नावाचे एक बेट तर आपल्या साष्टीची आठवण करून देणारे आहे. त्याचे दोन भाग एका अरुंद खाऱ्या प्रवाहाने विभागलेले असून त्या प्रवाहाच्या दोन्ही काठांना आपल्याकडील तिवरांसारखीच खारफुटीची झाडी आहे.

आपल्याकडे मात्र प्रकार उलट आहे. साष्टीभोवती फिरू पाहणाऱ्याने वाऱ्याच्याही आधी पाण्याला विचारले पाहिजे. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी होते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीस उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या मंद भरतीस कोळी लोक भांग म्हणतात. पावसाळ्यातील मोठ्या उधाणात बंदरातील पाण्याची पातळी साडेचार मीटरांच्या वर, क्वचित पाच मीटरांच्या जवळ जाते, आणि ओहोटीला तेच पाणी मैलमैल चिखल उघडा टाकून मागे सरते. ज्या खाडीत दुपारी बारा वाजता मचवा तरंगतो, तेथे सायंकाळी सहा वाजता बगळे चालताना दिसतात, यात नवल ते काहीच नाही.

भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत कोकणपट्टीत प्रचलित आहे, आणि ती प्रत्येक घरी ठाऊक असावी अशी आहे. पंचांगातील तिथी घ्यावी, तिची पाऊणपट करावी, आणि येईल तितके वाजता भरती पूर्ण होते असे समजावे. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहा वाजता. पौर्णिमेस सव्वाअकरा म्हणजे बाराच्या आतबाहेर. ही वेळ दिवसा व रात्री दोन्हीकडे लागू पडते आणि तिच्यापासून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. या हिशेबाचे कारण असे की, चंद्राच्या गतीमुळे भरती प्रतिदिनी सुमारे पन्नास मिनिटे मागे पडत जाते. पाऊण तास हे त्याचे हातच्या बोटांवर मोजता येईल असे सोपे रूप आहे. त्यात थोडीफार चूक राहते. खलाशांच्या हातातील छापील कोष्टके अधिक अचूक असतात, परंतु घरगुती कामास ही रीत पुरेशी आहे.

आता प्रवासास निघू. ऋतू हिवाळ्याचा असावा. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा समुद्र घुसळीत असतो, तेव्हा लहान नावेचे नाव काढू नये. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपार कलली की समुद्रावरून, विशेषतः वायव्येकडून, खारे वारे सुरू होतात. देवळात प्रदक्षिणा घालताना आपण देवाला उजवीकडे ठेवतो. साष्टीची प्रदक्षिणा त्याच रीतीने घालू म्हणणाऱ्यास पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे जाताना हा वायव्येचा वारा तोंडावर घ्यावा लागेल. म्हणून शहाण्या नावाड्याने बेट डावीकडे ठेवावे, म्हणजे प्रथम पूर्वेची खाडी, नंतर उत्तरेची, आणि शेवटी वारा पाठीशी घेऊन पश्चिमेचा समुद्र. साष्टीपुरता हा उलटा क्रमच सुलटा आहे.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास ओहोटी संपते. त्या वेळी मुंबई बंदरातील भाऊच्या धक्क्यावरून निघालो, तर चढते पाणी आपल्याला उत्तरेकडे ओढीत नेते. शिवडीपासून न्हावाशेव्याकडे गेलेला अटल सेतू २०२४ साली वाहतुकीस खुला झाला. त्याखालून पुढे गेले की डाव्या हातास तुर्भ्याचा डोंगर येतो. हे तुर्भे, अर्थात ट्राँबे, पूर्वी स्वतंत्र बेटच होते. तेथे अणुसंशोधनाचे केंद्र असल्यामुळे त्याच्या किनाऱ्यापासून दूर राहावे लागते. उजवीकडे मागे घारापुरीचे बेट राहते. पुढे वाशीचे पूल लागतात. पहिला रस्त्याचा पूल १९७३ सालचा, तर रेल्वेचा १९९२ सालचा. येथून पात्र निमुळते होत जाते. डावीकडे घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड ही आपली परिचित नावे एकामागून एक जातात, परंतु त्यांचे रूप ओळखू येत नाही, कारण आपण त्यांच्याकडे पाठीमागून पाहत असतो. प्रथम तिवरांची हिरवी भिंत, तिच्यामागे मिठागरांचे चौकोन, आणि त्यांच्याही मागे, दूरवर, इमारती.

हिवाळ्यात या टापूत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. १९९० नंतरच्या दशकात ते येथे मोठ्या संख्येने येऊ लागले. खाडीच्या चिखलात वाढणारे शेवाळ व सूक्ष्म जीव हे त्यांचे अन्न. २०१५ साली हा भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. उपनगरातील माणूस पक्षी पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवास करतो. येथे मात्र ते मुलुंड-ऐरोली पुलावरून जाणाऱ्या मोटारीच्या खिडकीतून दिसतात.

ऐरोलीचा पूल मागे पडला की ठाणे येते, आणि साऱ्या प्रवासातील अवघड जागा हीच. येथे खाडी अगदी चिंचोळी व उथळ आहे. हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणकडे गेला, तो येथूनच. पुलाखालून जाताना डोलकाठी उतरवावी लागते, आणि पाणी पूर्ण भरलेले असेल तरच नाव गाळात न रुतता पार होते. म्हणूनच आपण पौर्णिमेची निवड केली. बंदरापेक्षा आत खाडीत भरती थोडी उशिरा पूर्ण होते. सहाला निघालेली नाव बारा-साडेबारास ठाण्याला पोहोचते, तेव्हा पाणी नेमके काठोकाठ असते. ज्या ठाण्याचा व्यापार पाहून तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने येथील कातडी, धूप व सुती कापड यांचा उल्लेख केला, त्या ठाण्याचे बंदर या चिंचोळ्या पाण्याच्या काठी होते, हे आज खरे वाटत नाही.

ठाण्याच्या उत्तरेस, कशेळीच्या आसपास, आपली नाव उल्हास नदीच्या मुखप्रवाहात शिरते. सह्याद्रीत बोरघाटाच्या परिसरात उगम पावून कल्याणवरून आलेली ही नदी येथे पश्चिमेकडे वळते आणि तिच्या या रुंद मुखालाच आपण वसईची खाडी म्हणतो. आता निसर्गाची करामत पाहा. समुद्राची भरती साष्टीच्या दोन्ही बाजूंनी, दक्षिणेकडून ठाण्याच्या खाडीतून व पश्चिमेकडून वसईच्या खाडीतून, आत शिरते, आणि ओहोटीस दोन्ही वाटांनी माघारी जाते. सकाळी दक्षिणेकडून चढणाऱ्या पाण्यावर बसून आपण आलो. दुपारी पश्चिमेकडे उतरणाऱ्या पाण्यावर बसून जावयाचे. वल्ह्यास फारसे श्रम न देता अर्धे बेट ओलांडता येते, ते या एका भरती-ओहोटीच्या जोडीवर. शतकानुशतके कल्याणची गलबते याच पाण्याच्या पाठीवरून समुद्राला लागत. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण व सोपारा येथील दात्यांची नावे येतात, त्यांची संपत्ती याच जलमार्गांवर वाढलेली होती.

नागला बंदर, गायमुख, घोडबंदर ही नावे पुढे येतात. या नावांतील ‘बंदर’ हा शब्द आपण रोज उच्चारतो, परंतु त्याचा अर्थ ऐकत नाही. येथे दोन्ही तीरांवर डोंगर पाण्याजवळ आलेले असून पात्राला दरीचे सौंदर्य आले आहे. घोडबंदरच्या टेकडीवर पोर्तुगीजांच्या काळचा किल्ला आहे. भाईंदरजवळ रेल्वेचे पूल लागतात. १८६४ साली गुजरातकडून येणारा लोहमार्ग याच खाडीवरून साष्टीत शिरला. दोन पुलांच्या मध्ये पाणजू नावाचे छोटे बेट आहे. खाडीच्या मुखाशी उजवीकडे वसईचा किल्ला व डावीकडे धारावीच्या डोंगराचे टोक आहे. मुंबईतील धारावी वेगळी, ही उत्तन-भाईंदराकडील. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढे वसई शरण आली. ती मोहीम नकाशावर ठेवून पाहिली म्हणजे ध्यानात येते की, ठाणे, घोडबंदर, धारावी, वेसावे व वसई ही सर्व ठाणी पाण्याच्या वाटांवरच बसलेली आहेत. ज्याच्या हाती खाड्या, त्याच्या हाती साष्टी. इंग्रजांनीही डिसेंबर १७७४ मध्ये प्रथम ठाण्याचाच किल्ला घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे राहिली.

रात्री उत्तनच्या आश्रयास नांगर टाकावा आणि दुसऱ्या दिवशी पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेस निघावे. उत्तन, गोराई, मनोरी, मढ, वेसावे अशी कोळ्यांची गावे ओळीने येतात. समुद्रात ठिकठिकाणी त्यांनी डोल जाळी लावलेली असतात. पाण्याच्या ओढीने तोंड उघडून राहणाऱ्या या पिशवीसारख्या जाळ्यांत बोंबील सापडतो. म्हणजे येथील मासेमारीही भरती-ओहोटीच्या जोरावरच चालते. अशा जाळ्यांच्या दोरांपासून नाव दूर ठेवणे हा शिष्टाचारही आहे आणि शहाणपणही. गोराईजवळ २००९ साली खुला झालेला विपश्यना पॅगोडा आपल्या सोनेरी घुमटाने दूरवरून ओळखू येतो. मनोरीची खाडी व मालाडची खाडी यांची मुखे ओलांडली की जुहूची पुळण, आणि पुढे वांद्र्याच्या टोकावर १६४० सालचा पोर्तुगीज किल्ला.

खरे पाहता साष्टीची फेरी येथेच डावीकडे वळून माहीमच्या खाडीतून पुरी झाली पाहिजे. परंतु ती वाट आता बंद आहे. शीवचा बांध जोनाथन डंकन या गव्हर्नरांच्या कारकिर्दीत, १८०३ च्या सुमारास बांधून झाला. माहीमचा बांध १८४५ साली, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांच्या देणगीतून झाला आणि लेडी जमशेटजी रस्त्याच्या नावाने त्यांची स्मृती आजही कायम आहे. त्या बांधांनी उपनगरांना शहराशी जोडले आणि लोकांचे होडीतील हाल संपविले, हा उपकार विसरता येणार नाही. तथापि त्याच बांधांनी दोन बेटांमधील पाण्याची वाट अडली. म्हणून आजच्या प्रवाशास वरळी, मलबार हिल व कुलाबा असा मोठा वळसा घेऊन, दांडीच्या खडकांवरील दीपगृहाबाहेरून बंदरात परतावे लागते. एकंदर फेरी अदमासे सव्वाशे किलोमीटरांची होते.

श्रोतेहो, ही फेरी आपल्यापैकी फार थोडे लोक प्रत्यक्ष करतील. तिला बंदराच्या अधिकाऱ्यांची अनुज्ञा, जाणता तांडेल आणि पुष्कळ धीर लागतो. २०१६ साली संसदेने केलेल्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई, वसईची खाडी व उल्हास नदी हा मार्ग राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत त्रेपन्नावा म्हणून घातला आहे. मढ-वेसावे, मार्वे-मनोरी, बोरिवली-गोराई या ठिकाणी तरीही चालतात. परंतु फेरी न करणाऱ्यानेही तिचा अर्थ जाणावा, असे सांगण्यास एक गंभीर कारण आहे.

बेटावर पडलेला पाऊस समुद्रालाच जावयाचा असतो. आपल्या बेटाच्या मध्यभागी डोंगर असल्यामुळे मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्या व असंख्य नाले तेथून निघून थोड्याच अंतरावर खाडीला मिळतात. ओहोटी असेल तेव्हा ते पाणी सुखाने बाहेर जाते. उधाणाची भरती असेल तेव्हा दार बाहेरून लोटलेले असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी भरती होती. मिठीच्या काठी काय झाले, हे उपनगरातील घराघरांस ठाऊक आहे. त्यानंतर जुहूनजीक इर्ला येथे व अन्यत्र मोठी पंपघरे उभी राहिली. पंप पाणी उपसतात हे खरे. परंतु बाहेर गेलेल्या पाण्यास पसरण्यासाठी खाडीच उरली नसेल, तर पंपाने ते कोठे टाकावे?

खाडी तीन गोष्टींनी आखडते. काठावर भराव पडतो, पात्रात गाळ साचतो, आणि तिवरे तोडली जातात. तिवराच्या मुळ्या गाळ धरून ठेवतात, लाटेचा जोर मोडतात आणि भरतीचे पाणी आपल्यात पसरू देतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर तिवरांच्या तोडीस मनाई केली, ती याच विचाराने. मिठागराची उघडी जागा पाहून ‘ही रिकामी पडली आहे’ असे म्हणणाऱ्याने पौर्णिमेच्या दिवशी भरतीच्या वेळी तेथे जाऊन उभे राहावे, म्हणजे ती जागा कशासाठी राखलेली आहे हे त्याला दिसेल.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. मुलांना शाळेत जगाचा नकाशा शिकवतात. त्यांना साष्टीचा नकाशा घरी दाखवावा आणि तिच्या कडेने बोट फिरवण्यास सांगावे. पावसाळ्यात घरात पंचांग असेलच, त्यातील तिथीची पाऊणपट करून त्या दिवशीची भरती त्यांनाच काढू द्यावी. आकाश भरून आलेले असताना घरातील कोणी कचेरीस निघाला, तर पाऊस किती पडेल एवढेच न विचारता पाणी केव्हा चढेल हेही विचारावे. बेटावर राहणाऱ्या माणसाला दोन्ही प्रश्न सारखेच जवळचे असले पाहिजेत.